शिक्षकांचा स्वाध्याय आणि मुख्याध्यापकांचे बदलते दायित्व

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



शैक्षणिक कार्य करणाऱ्या एखाद्या न्यासाची पन्नास वर्षे मोजण्याचे अनेक मार्ग आहेत. किती वर्गखोल्या उभ्या राहिल्या, विद्यार्थ्यांचा पट कितीवर गेला, शालान्त परीक्षेचे निकाल कसे लागले, कोणकोणत्या दानशूर कुटुंबांनी हातभार लावला, या सर्वांची नोंद सुवर्णमहोत्सवी वर्षात होते आणि ती व्हायलाच हवी. ज्यांनी आपल्या व्यापारातील कष्टाचा पैसा मुलांच्या शिक्षणाकडे वळविला, त्यांचे ऋण कृतज्ञतेने आठवणे हा समाजाचा धर्मच आहे. परंतु शाळेच्या आयुष्यात एक बाब अशी असते, की जिची कोनशिला कोठेच बसविली जात नाही. वयाच्या पंचविशीत सेवेत रुजू झालेला शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, तेव्हा तो आला होता त्यापेक्षा अधिक चांगला शिक्षक होऊन बाहेर पडतो काय? मधल्या तेहतीस वर्षांत त्याच्या ज्ञानाची आणि कौशल्याची वाढ झाली की केवळ वेतनश्रेणीची?

डी. एड. किंवा बी. एड. हा एक-दोन वर्षांचा अभ्यासक्रम. त्या शिदोरीवर तेहतीस वर्षांचा प्रवास करावयाचा. या काळात पाठ्यपुस्तके अनेकदा बदलतात, मुलांच्या घरची परिस्थिती बदलते, खडू-फळ्याच्या शेजारी पडदा आणि भ्रमणध्वनी येऊन बसतो. शिदोरी मात्र तीच राहते. ती वाटेत पुन्हा पुन्हा भरून देण्याची जबाबदारी कोणाची, असे विचारले तर सर्वसाधारण उत्तर येते, "शासनाची. शासन प्रशिक्षणे घेतेच की!" हे उत्तर चुकीचे नाही, अपुरे आहे. शासनाचे प्रशिक्षण वर्षातून काही दिवसांचे असते. शिक्षकाला रोज पाहणारी, त्याच्या वर्गाच्या दारावरून दिवसातून चार वेळा जाणारी व्यक्ती एकच, आणि ती म्हणजे मुख्याध्यापक. म्हणून आजच्या विषयाचा गाभा मुख्याध्यापकांच्या त्या खुर्चीपाशी आहे.

जैन परंपरेला हा विचार नवा नाही. णमोकार मंत्रात पाच परमेष्ठींना वंदन केले जाते. त्यातील तिसरे आचार्य आणि चौथे उपाध्याय. आचार्य संघाचे नियंते. ज्ञानाचार, दर्शनाचार, चारित्राचार, तपाचार आणि वीर्याचार हे पाच आचार ते स्वतः पाळतात आणि संघाकडून पाळून घेतात. उपाध्याय स्वतः अध्ययन करतात आणि इतरांस अध्यापन करतात. अनुशासन आणि अध्यापन ही दोन्ही कार्ये संघाला आवश्यक आहेत, म्हणूनच दोघांनाही वंदनेत स्वतंत्र स्थान आहे. शाळेत मात्र ही दोन्ही कार्ये एकाच गृहस्थाच्या शिरावर येतात. मुख्याध्यापकाने शिस्त राखावयाची आणि सहकाऱ्यांना शिकवायचेही. गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला तर पहिले कार्य वाढत गेले आणि दुसरे आक्रसत गेले, असे खेदाने म्हणावे लागते.

हे नेहमीच असे नव्हते. पूज्य समंतभद्र महाराजांनी 1918 साली कारंजा येथे आणि 1934 साली बाहुबली येथे जे ब्रह्मचर्याश्रम सुरू केले, त्यांची रचना गुरुकुलाची होती. गुरुकुलात शिक्षक आणि विद्यार्थी एकाच परिसरात राहत असल्याने शिक्षकाची जडणघडण हा दैनंदिन जीवनाचाच भाग होता. त्यासाठी निराळे परिपत्रक काढावे लागत नव्हते.

दुसरे उदाहरण त्याच कुंभोजच्या मातीतले. 22 सप्टेंबर 1887 रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. विद्यापीठात शिकून मिळविलेली पदवी त्यांच्यापाशी नव्हती, पण शाळा कशाने चालते हे त्यांना अचूक उमगले होते. संस्थेचे महाराजा सयाजीराव हायस्कूल साताऱ्यात 1940 साली निघाले. त्याच्या पाच वर्षे आधी, 1935 सालीच, त्यांनी प्राथमिक शिक्षक घडविणारे अध्यापक विद्यालय सुरू केले होते. 1947 साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय आले आणि 1955 साली माध्यमिक शिक्षकांसाठी आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन आले. आधी शिक्षक घडवावा, मग शाळा वाढवावी, हा क्रम त्यांनी जाणीवपूर्वक ठेवला. इमारत नसेल तर झाडाखाली वर्ग भरेल, पण शिक्षक तयार नसेल तर संगमरवरी इमारतीतही वर्ग भरत नाही, हे जाणणाऱ्या द्रष्ट्याचा हा क्रम होय.

स्वातंत्र्यानंतर शासनानेही या प्रश्नाचा विचार केला. 1964 ते 1966 या काळात कार्यरत असलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे सुपुत्र. प्रत्येक शिक्षकाला दर पाच वर्षांत किमान दोन ते तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे, अशी शिफारस आयोगाने केली. जवळच्या शाळांनी एकत्र येऊन शाळासमूह करावा आणि एकमेकींना आधार द्यावा, अशीही कल्पना मांडली. कल्पना उत्तम होती, पण व्यवहार वेगळ्या वाटेने गेला.

महाराष्ट्रात 1977 साली खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा अधिनियम झाला आणि 1981 साली त्याची नियमावली आली. शिक्षकाला मनमानी बडतर्फीपासून संरक्षण मिळाले, ही त्या कायद्याची मोठी देणगी होय. त्याच नियमावलीने स्वयंमूल्यमापन आणि गोपनीय अहवाल यांची चौकट दिली. मुख्याध्यापक वर्गात जाऊन पाठ पाहू लागले ते लॉगबुक भरण्यासाठी आणि वर्षअखेरीस गोपनीय अहवाल लिहिण्यासाठी. पुढे बारा वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनंतर निवड श्रेणी मिळण्यासाठी प्रशिक्षणाची अट आली. त्यामुळे प्रशिक्षण म्हणजे सेवापुस्तिकेला जोडावयाचे प्रमाणपत्र, अशी अनेकांची समजूत झाली. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आल्या, पाठोपाठ केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आले. प्रशिक्षणे वाढली. परंतु राज्यस्तरावरून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून तालुक्याला आणि तालुक्यावरून केंद्राला अशी ती पायरीपायरीने उतरत असत. डोंगरावरून निघालेले पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचता पोहोचता वाटेतच जिरावे, तशी त्यांची गत होई. तालुक्याहून परतलेल्या शिक्षकाला "काय नवीन शिकलात?" असे विचारण्याऐवजी "हजेरीचा दाखला आणलात ना?" असे विचारले जाई, आणि तो दाखला मुख्याध्यापकांच्या कार्यालयात फाईलबंद होई.

2010 मध्ये शिक्षणहक्क कायदा अंमलात आल्यावर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यानंतरच्या काळात संगणकावरील माहितीचे युग अवतरले. 21 ऑगस्ट 2019 रोजी 'निष्ठा' हा राष्ट्रीय प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि कोरोनाच्या काळात तो 'दीक्षा' या संकेतस्थळावरून घरोघरी पोहोचला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी किमान 50 तास आपल्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा नोंदविली, आणि मुख्याध्यापकांकडूनही तितक्याच तासांची अपेक्षा ठेवली. या धोरणातील एक बारकावा लक्षणीय आहे. मुख्याध्यापक हा आता प्रशिक्षणाला शिक्षक पाठविणारा अधिकारी उरलेला नाही. त्याने स्वतः शिकावे आणि शाळेतच शिकण्याचे वातावरण निर्माण करावे, ही अपेक्षा आहे. उपाध्यायपद त्याच्याकडे परत येत आहे.

अपेक्षा कागदावर आली, पण मुख्याध्यापकांचा दिवस कसा जातो? सकाळी परिपाठ होतो न होतो तोच दूरध्वनी खणखणतो. अमुक माहिती दुपारी बारापर्यंत भरावी. शालार्थमधील वेतन देयक, यू-डायसची माहिती, विद्यार्थ्यांच्या आधारची पडताळणी, त्यावर अवलंबून असलेली संचमान्यता, शिष्यवृत्तीचे अर्ज, पोषण आहाराच्या नोंदी, मध्येच निवडणुकीचे काम. एखाद्या विद्यार्थ्याच्या आधारमधील जन्मतारखेचा मेळ बसला नाही तर पटावरील एक संख्या घटते आणि पट घटला की शिक्षक अतिरिक्त ठरण्याची टांगती तलवार असते. मुख्याध्यापक संगणकासमोरून उठत नाहीत ते हौसेने नव्हे. सहकाऱ्याची नोकरी वाचविण्यासाठीच ते तेथे बसलेले असतात. त्यांना दोष देण्यापूर्वी ही अगतिकता समाजाने समजून घेतली पाहिजे. परंतु परिणाम असा होतो, की जो माणूस शाळेत सर्वांत अनुभवी शिक्षक म्हणून त्या पदावर पोहोचला, तोच वर्गापासून सर्वांत दूर जातो.

मुख्याध्यापक वर्गात गेलेच, तर काय घडते? एक साधा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. सहावीच्या वर्गात भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज चालू आहे. शिक्षकांनी नियम सांगितला आहे, उदाहरण सोडवून दाखविले आहे. तरीही एक मुलगा वहीत 1/2 अधिक 1/3 बरोबर 2/5 असे लिहितो. अंशात अंश आणि छेदात छेद मिळविला, काम झाले. शिक्षक लाल शाईने फुली मारतात आणि नियम पुन्हा एकदा सांगतात. मागच्या बाकावर बसलेले मुख्याध्यापक लॉगबुकमध्ये नोंद करतात: "फळ्यावरील लेखन सुवाच्य. वर्गनियंत्रण ठीक. शैक्षणिक साधनांचा वापर आढळला नाही. सुधारणा अपेक्षित." खाली सही. शिक्षकांचीही सही. कोणती सुधारणा, कशी आणि कोणाच्या मदतीने, याबद्दल अक्षरही नाही. मुलगा पुढच्या परीक्षेतही 2/5 च लिहितो.

आता हाच प्रसंग दुसऱ्या रीतीने घडू शकतो. तास संपल्यावर मुख्याध्यापक शिक्षकांना शांतपणे विचारतात, "सर, त्या मुलाने 2/5 का लिहिले असेल?" मग दोघे मिळून विचार करतात. 2/5 हे 1/2 पेक्षाही लहान आहे. अर्धी भाकरी होती, तीत आणखी तिसरा हिस्सा घातला आणि भाकरी अर्ध्याहून कमी झाली, असे त्या उत्तराचे म्हणणे! मुलाला हे दिसले नाही, कारण त्याच्या लेखी 1/2 ही एक संख्या नसून एकावर एक लिहिलेले दोन निराळे आकडे आहेत. रोग नियम विसरण्याचा नाहीच, तो अपूर्णांकाच्या अर्थाशी संबंधित आहे. दुसऱ्या दिवशी शिक्षक वर्गात कागदाची पट्टी आणतात. तिचे सहा समान भाग करतात. अर्धा म्हणजे तीन भाग, तिसरा हिस्सा म्हणजे दोन भाग, मिळून पाच भाग, म्हणजेच 5/6. छेद समान का करावयाचे, हे मुलांच्या डोळ्यांना दिसते. मुख्याध्यापकांनी येथे गणिताचे पांडित्य दाखविले नाही. त्यांनी एक प्रश्न विचारला आणि उत्तर शोधताना सहकाऱ्याच्या शेजारी बसले. पद तेच आणि शाळाही तीच, परंतु भूमिका पार पालटली.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांपैकी दोन अंगे या ठिकाणी स्मरतात, उपगूहन आणि स्थितिकरण. साधर्मीच्या हातून चूक घडली तर तिचा डांगोरा पिटू नये, हे उपगूहन. मार्गावरून ढळणाऱ्याला हात देऊन पुन्हा स्थिर करावे, हे स्थितिकरण. ही दोन्ही अंगे एकत्र असावी लागतात. नुसते उपगूहन असेल तर चुका झाकल्या जातात आणि मुलांचे नुकसान होते. उपगूहन सोडून स्थितिकरण करू गेल्यास शिक्षकाचा चारचौघांत अपमान होतो आणि अपमानित मन शिकत नाही. पालकांसमोर, विद्यार्थ्यांसमोर किंवा विश्वस्तांच्या बैठकीत शिक्षकाची उणीव उघडी न करणारा आणि बंद दाराआड ती दूर करण्यासाठी घाम गाळणारा मुख्याध्यापकच या दोन्ही अंगांचे पालन करतो.

मग शाळेत शिक्षकांच्या अभ्यासाची घडी कशी बसवावी? येथेही परंपरेने सिद्ध केलेली वाट उपलब्ध आहे. आभ्यंतर तपाच्या सहा प्रकारांत स्वाध्यायाची गणना होते. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. श्वेतांबर आगमपरंपरेत आम्नायाऐवजी परिवर्तना आणि धर्मोपदेशाऐवजी धर्मकथा हे शब्द येतात आणि क्रमही थोडा वेगळा आहे, परंतु भाव एकच आहे. धर्मग्रंथांच्या स्वाध्यायाचे पावित्र्य निराळे आणि शालेय अध्यापनाचा व्यवहार निराळा, हे मान्य करूनही, शिकण्याचा हा पंचविध क्रम शिक्षकखोलीत आणता येण्याजोगा आहे.

वाचना म्हणजे लक्षपूर्वक वाचणे. शिक्षकांनी प्रथम काय वाचावे? मुलांच्या वह्या. एका विषयाच्या पाच वह्या टेबलावर ठेवाव्यात आणि गुण न देता, केवळ चूक कशी घडली असेल, हे वाचावे. त्याच्या जोडीला त्या घटकावरील एखादा लेख किंवा पाठ्यपुस्तक मंडळाची शिक्षक हस्तपुस्तिका असावी. पृच्छना म्हणजे शंका विचारणे. येथे मुख्याध्यापकांची खरी कसोटी लागते. वीस वर्षे सेवा झालेल्या शिक्षकाला "हा घटक मला नीट शिकविता येत नाही" असे म्हणणे जड जाते. मुख्याध्यापकांनी आधी स्वतःची अडचण सांगितली, तर इतरांची जीभ मोकळी होते. गुरूपाशी आपला दोष आपण होऊन सांगणे याला जैन परिभाषेत आलोचना म्हणतात. व्यवहारात आलोचना शब्दाचा अर्थ दुसऱ्यावर टीका असा झाला आहे. शिक्षकखोलीत तो मूळ अर्थाने नांदावा.

अनुप्रेक्षा म्हणजे पुन्हा पुन्हा चिंतन. चर्चेत सुचलेली युक्ती वर्गात करून पाहावी, ती साधली का, फसली का, याची दोन ओळींची टिपणे ठेवावीत. आम्नाय म्हणजे शुद्ध उच्चाराने आवृत्ती. नवी पद्धत एकदा करून अंगवळणी पडत नाही. एक शिक्षक शिकवितो आहे, दुसरा मागे बसून पाहतो आहे, पुढच्या आठवड्यात भूमिका बदलल्या आहेत, अशी आवृत्ती महिनोन्‌महिने चालली तरच कौशल्य मुरते. आणि अखेरीस धर्मोपदेश, म्हणजे आपल्याला उमगलेले इतरांना सांगणे. शाळेत सिद्ध झालेली चांगली रीत केंद्राच्या शिक्षण परिषदेत किंवा शेजारच्या शाळेत जाऊन मांडावी. कोठारी आयोगाच्या शाळासमूहाचा हेतू त्यातून साध्य होतो. एरवीच्या प्रशिक्षणात या पाचांपैकी केवळ शेवटचा प्रकार असतो. कोणीतरी उपदेश करतो आणि इतर ऐकतात. पहिल्या चार पायऱ्या गाळून पाचवीवर उडी मारल्याने ते फळत नाही.

"या सर्वांसाठी वेळ कोठून आणावयाचा?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर गणितानेच द्यावे. धोरणातील अपेक्षा वर्षाला 50 तासांची. शाळेच्या कामकाजाचे आठवडे साधारण 40 धरले तर आठवड्याला सव्वा तास होतो. श्रावकाच्या एका सामायिकाचा काळ दोन घटका, म्हणजे 48 मिनिटे. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आठवड्यातून केवळ एका सामायिकाइतका वेळ शिक्षकांच्या स्वाध्यायासाठी राखून ठेवला, तर 40 आठवड्यांत 32 तास होतात. उरलेले 18 तास शासनाच्या प्रशिक्षणातून भरून निघतात. सामायिकात बसलेला श्रावक दुकानाचा हिशेब काढीत नाही. त्याचप्रमाणे या 48 मिनिटांत परिपत्रक वाचले जाऊ नये, सहलीची वर्गणी मोजली जाऊ नये, स्नेहसंमेलनाची कामे वाटली जाऊ नयेत. ही मर्यादा पाळण्याचे काम मुख्याध्यापकांचे आणि ती मोडणार नाही हे पाहण्याचे काम विश्वस्तांचे.

आणखीही काही शंका घेतल्या जातात. मुख्याध्यापक विज्ञानाचे पदवीधर, ते मराठीच्या शिक्षकांना काय शिकविणार? त्यांनी सर्व विषय शिकविण्याची अपेक्षाच नाही. त्या त्या विषयातील जाणता सहकारी पुढे आणणे आणि स्वतः श्रोत्यांत बसणे, हेही नेतृत्वच आहे. ज्येष्ठ शिक्षक ऐकत नाहीत, अशीही तक्रार असते. त्यांना ऐकविण्यापेक्षा बोलते करावे. तीस वर्षांत त्यांनी कमावलेले पुष्कळसे ज्ञान कोणी न विचारल्यामुळे निवृत्तीच्या श्रीफळाबरोबर घरी जाते, ही शाळेची मोठी हानी आहे.

या विषयाला अलीकडे तातडीचेही एक कारण घडले आहे. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालात, पाच वर्षांहून अधिक सेवा शिल्लक असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे असे सांगितले गेले. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न न्यायालयाने मोठ्या खंडपीठाकडे सोपविला. जैन समाजाला जानेवारी 2014 मध्ये राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळालेला असल्याने, ज्या शाळांना तसा दर्जा आहे त्यांना या परीक्षेची चिंता नाही, असा सूर काही ठिकाणी निघाला. कायद्याचे जे व्हावयाचे ते होईल. प्रश्न वृत्तीचा आहे. पंचेचाळीस वर्षांची शिक्षिका, घरी वृद्ध सासू-सासरे, मुलांच्या दहावी-बारावीची धामधूम, आणि वीस वर्षांनंतर पुन्हा परीक्षेला बसण्याची धास्ती. अशा भगिनीला शाळेने एकटे सोडावे काय? मुख्याध्यापकांनी अभ्यासगट करावा, विषय वाटून घ्यावेत, न्यासाने पुस्तके आणून द्यावीत. सवलत मिळाली तरी अभ्यास वाया जात नाही. बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्र पुन्हा वाचल्याने झालाच तर मुलांचा लाभ होतो.

अल्पसंख्याक दर्जाचा खरा उपयोग अन्यत्र आहे. 1977 च्या अधिनियमाने अल्पसंख्याक शाळांच्या मुख्याध्यापकाची नेमणूक त्या अधिनियमाच्या बंधनांतून वगळली आहे. मुख्याध्यापक निवडणे हा अल्पसंख्याक व्यवस्थापनाच्या अधिकाराचा महत्त्वाचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेही वेळोवेळी मानले आहे. हा अधिकार मोठा आहे आणि म्हणून जबाबदारीही मोठी आहे. निवड करताना विश्वस्तांनी कोणते प्रश्न विचारावेत? कार्यालयांतून कामे लवकर करवून घेणारा कोण, न्यासाच्या शब्दाबाहेर न जाणारा कोण, असे प्रश्न सहज सुचतात. त्याऐवजी विचारावे, की अडचण आली असता सहकारी आपण होऊन कोणाकडे जातात? कोणाच्या वर्गात बसून शिकावे असे तरुण शिक्षकांना वाटते? त्या व्यक्तीकडे उपाध्यायाचा गुण आहे. शिस्त आणि कागदपत्रे सांभाळण्यास तिला साहाय्य देता येईल, परंतु उपाध्यायवृत्ती मागाहून देता येत नाही.

आणि येथेच हा विषय मुख्याध्यापकांकडून न्यासाकडे येतो. मुख्याध्यापकांनी शिक्षकांचा गुरुबंधू व्हावे असे वाटत असेल, तर न्यासाने त्यांना तेवढी उसंत दिली पाहिजे. माहिती भरण्यासाठी एक जाणकार लेखनिक न्यासाच्या खर्चाने नेमला, तर मुख्याध्यापकांचे रोजचे दोन तास वर्गांसाठी मोकळे होतात. एखाद्या सभागृहाच्या खर्चाशी तुलना केली तर ही रक्कम अल्प आहे. त्यावर देणगीदाराचे नाव कोरता येत नाही, हे खरे. परंतु प्रभावनेचे सर्वच प्रकार डोळ्यांना दिसणारे नसतात. विश्वस्तांच्या बैठकीत पट आणि निकाल यांबरोबर "या तिमाहीत शिक्षक काय शिकले?" हा विषय कायमस्वरूपी असावा. निव्वळ टक्केवारी विचारणारा न्यास टक्केवारी देणारा मुख्याध्यापक घडवितो. शिक्षकांच्या वाढीची विचारपूस करणारा न्यास शिक्षक घडविणारा मुख्याध्यापक घडवितो.

श्रावकाला चार दाने सांगितली आहेत: आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. गेल्या पन्नास वर्षांत समाजाने भोजनशाळा चालविल्या, दवाखान्यांना साहाय्य केले, शाळा काढल्या. पहिली तीन दाने जोमाने झाली. चौथे दान शाळेच्या आवारातही देता येते, याची जाणीव थोडी उणी पडली. शिक्षक भीतीपोटी आपली अडचण लपवितो. लॉगबुकमधील शेरा गोपनीय अहवालात उतरेल, चूक कबूल केली तर ती कारणे दाखवा नोटिशीत वाचावयास मिळेल, ही भीती. ज्या शनिवारी तो निर्धास्तपणे म्हणेल की "माझ्या वर्गातील सात मुलांना अजून भागाकार येत नाही, मदत करा," त्या दिवशी त्याला अभयदान मिळाले असे समजावे. म्हणून स्वाध्यायाच्या 48 मिनिटांत निघालेली एकही गोष्ट सेवापुस्तिकेत किंवा गोपनीय अहवालात जाणार नाही, असा ठराव न्यासाने सुवर्णमहोत्सवी वर्षात करावा. अशा ठरावास एक रुपयाही लागत नाही.

चूक झाकून कामचुकारपणाला आश्रय देणे, असा याचा अर्थ मुळीच नाही. वेळेवर न येणारा, टाचण न काढणारा, मुलांवर हात उगारणारा शिक्षक असेल, तर तेथे आचार्याचे अनुशासनच हवे. नियमावली त्यासाठी आहे. न शिकणे आणि शिकताना चुकणे या दोहोंतील भेद ओळखणे, हाच मुख्याध्यापकांचा विवेक.

येत्या चातुर्मासात प्रवचने होतील, तपश्चर्या होतील. शाळेचे पहिले सत्रही बव्हंशी त्याच काळात येते. साधुसंत विहार थांबवून एका ठिकाणी स्थिर होतात आणि त्यांच्या सान्निध्यात सारा संघ स्वाध्यायाला लागतो, तो हा काळ. शाळेच्या शनिवारी स्वाध्यायाचा आरंभ याच चातुर्मासात झाला, तर पुढील वर्षी संवत्सरीला क्षमापना करताना मुख्याध्यापक आणि शिक्षक एकमेकांकडे निराळ्या दृष्टीने पाहतील. एकाने दुसऱ्याच्या उणिवा सांभाळून घेतलेल्या असतील, दुसऱ्याने त्या दूर केलेल्या असतील. आणि सहावीच्या वर्गातील तो मुलगा 1/2 अधिक 1/3 चे उत्तर लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबून स्वतःशीच म्हणेल, की हे अर्ध्याहून अधिकच यावयास हवे.